पुठ्ठ्याचा पलंग

३ मार्च

प्रिय ताई,

पत्र तू काम करतेस त्या औषधांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलंय म्हणून दचकू नकोस. परवा फोनवर आपलं जे भांडण झालं ते तुझ्याकडे राहणाऱ्या बाबांना कळलं असणार. तू मोबाइल घेऊन जिन्यात गेलीस तरी परत येताना तुझा चेहरा त्यांच्यासमोरूनच जातो. लिहिताना निदान आवाज चढत नाही, म्हणून आता लिहितो.

बाबांचं घर विकायला काढून बरेच दिवस झाले. एजंट म्हणतो, माणसं येतात, आत एक चक्कर मारतात आणि जिना चढायला लागतो त्याहून कमी वेळात खाली उतरतात. मी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, साहेब, रिकाम्या खोलीत लोकांना खोली दिसत नाही, भिंतीवरचे खिळे दिसतात. पलंग कुठे मावेल, जेवायचं टेबल कुठे बसेल, हे कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. बोललं की आवाज घुमतो. आणि आधीच्या माणसांचं काय झालं असेल, असा विचार मनात येतो.

इकडे आमच्याकडे विकायचं घर आधी सजवतात. सोफा, टेबल, दिवे, पडदे, सगळं भाड्याने आणायचं, घर विकलं गेलं की परत. आमच्या शेजाऱ्याने तसंच केलं. सहा महिने पडून असलेलं घर त्याने सजवलं आणि पुढच्याच महिन्यात वकिलाकडे जाऊन विक्रीच्या सह्या केल्या. मी सुपरमार्केटातल्या नोकरीत दिवसभर दुसरं काय बघतो? माल तोच असतो, मांडणी बदलली की हलतो.

तुला हे पटणार नाही हे मला माहीत आहे. पण बाबांसाठी आपण तुझ्या वरच्या मजल्यावरचा जो फ्लॅट घेणार आहोत, त्याचा मालक मेअखेरपर्यंतच थांबणार आहे. तोवर बाबांचं घर गेलं नाही तर तो फ्लॅट दुसऱ्याला देईल, आणि बाबांना स्वतःची खोली मिळायची राहील. हे सगळं आपण त्या खोलीसाठीच करतोय ना? खर्च मी करतो. तू फक्त हो म्हण.

तुझा,
धाकटा

११ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांबरोबर आलं. मालकांनी विचारलं, प्रेमपत्र का? म्हटलं, या वयात आता भावाचीच येतात, आणि त्यांत प्रेम कमी, सूचना जास्त.

म्हणजे आता घराला पावडर-लाली लावून उभं करायचं. धाकट्या, अरे घर रिकामं करा असं कोण म्हणालं होतं? "रिकामं घर मोठं दिसतं, ताई, सगळं काढून टाक." तूच. मी काढलं. आईचं शिवणयंत्र, ओट्याखालचे डबे, कपाट, बाबांची लोखंडी खाट. भंगारवाल्याने खाट दोरीने बांधून जिन्यातून उतरवली तेव्हा बाबा गॅलरीत उभे होते. खाट गाडीत चढवून होईपर्यंत बघत राहिले आणि मग मला म्हणाले, चल, बस चुकेल.

त्या खाटेवर ते दुपारचे झोपायचे, आठवतं ना? पहाटेची पहिली बस काढायची, दुपारी घरी येऊन जेवायचं आणि आतल्या खोलीत आडवं व्हायचं. त्या वेळात आपण दोघं चोरासारखे वावरायचो. तुला खेळताना हसू आवरायचं नाही, आई तोंडावर बोट ठेवायची. निवृत्त झाले तरी ती झोप काही सुटली नाही.

माझ्याकडे दुपार म्हणजे काय ते तू पाहिलेलं नाहीस. हे रात्रपाळी करून आलेले असतात, आतली खोली यांची. हॉलमध्ये मुलं, त्यांची शिकवणी, टीव्ही, दाराची घंटा. बाबांचं अंथरूण सकाळीच गुंडाळून ठेवावं लागतं. मग ते खुर्चीत बसून डुलक्या काढतात, आणि कोणी बघतंय असं वाटलं की मान ताठ करून वर्तमानपत्राचं पान उलटतात. मला ते बघवत नाही.

त्यांना एकटं ठेवता येत नाही हे मलाही कळतं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता, ती दुपार मी विसरलेले नाही. म्हणून तर इकडे आणलं. पण विकायचं का असं विचारलं की ते म्हणतात, "तुम्ही म्हणाल तसं." तू याला होकार म्हणतोस. मीही म्हणते, पण म्हणताना त्यांच्याकडे बघत नाही.

असो. वरचा फ्लॅट हातचा जाऊ नये असं मलाही वाटतं. कर तुझी सजावट.

तुझी,
ताई

२० मार्च

प्रिय ताई,

हो म्हणालीस, बरं वाटलं. टोमणे पोचले.

तुमच्याकडच्याच एक सजावटवाल्या बाई मिळाल्या आहेत. फोटो पाठवून सगळं ठरलं. बाहेरच्या खोलीत मोठा सोफा, जेवणाचं टेबल, चार खुर्च्या. लहान खोली मुलांची म्हणून मांडणार आहेत. आतल्या खोलीत मोठा पलंग. टेबलावर फळांची परडी, पेल्यांचा ट्रे. फळं अर्थात प्लॅस्टिकची, पेले ट्रेला चिकटवलेले, म्हणजे कोणी उचलून नेत नाही.

आणखी एक गंमत. तो पलंग खरा नाही. पुठ्ठ्याची खोकी एकमेकांना लावून ठेवतात, वर फोमची पातळ गादी, त्यावर भारी चादर आणि ढीगभर उशा. बाई म्हणाल्या, खरा पलंग जिन्यातून चढवायचा तर भाडं वाढतं, आणि बघायला येणारा माणूस परक्याच्या पलंगावर झोपून बघतो थोडाच? मलाही पटलं. सोफा मात्र खरा घ्यावा लागतो, त्यावर लोक बसतात.

सामान एजंट आत घेईल, तू फक्त तुमच्याकडची किल्ली घेऊन एकदा बघून ये. बाबांना नेऊ नकोस, उगाच जीव कासावीस होईल त्यांचा.

तुझा,
धाकटा

२ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तू सांगितलंस ते सगळं केलं, एक सोडून. बाबांना नेलं. म्हणजे मी नेलं नाही, तेच निघाले. किल्ली त्यांच्या जुडग्यात असते, ती काढून मागितली तर म्हणाले, मीच येतो. बसमध्ये अजून त्यांना ओळखतात. ड्रायव्हरने मागे वळून नमस्कार केला तर बाबा त्याच्यावर खेकसले, समोर बघ म्हणाले.

दार उघडलं आणि मी तुझ्यावर हसायचं विसरले. घर खरंच छान दिसत होतं, धाकट्या. खिडकीत पांढरे पडदे, आईचं शिवणयंत्र असायचं त्या कोपऱ्यात उंच दिवा. लहान खोलीत दोन छोटी टेबलं, दोन खुर्च्या, भिंतीवर नकाशा. एक क्षण माझी दोन्ही मुलं तिथे बसून अभ्यास करताना दिसली मला. मग मीच मला आवरलं आणि खिडक्या नीट लागतात का ते बघू लागले.

बाबा सोफ्यावर बसले. हात फिरवला, पाठ टेकली. बराच वेळ इकडेतिकडे बघून म्हणाले, "यातलं काही आपलं नाही." मी म्हटलं, चला बाबा, निघू. तर म्हणाले, "बसू दे थोडं." आतल्या खोलीत बाई चादरीला इस्त्री करत होत्या, म्हणून आम्ही दारातूनच डोकावलो. पुठ्ठ्याची गंमत मी त्यांना सांगितली नाही. आधीच हिरमुसलेल्या माणसाला आणखी कशाला सांगायचं की पलंगसुद्धा नाटकातला आहे.

पण एक चांगली बातमी. त्या दिवसानंतर बाबा बदललेत. जेवण झालं की टोपी घालतात आणि बागेत जाऊन येतो म्हणतात. चहाच्या वेळेला परत येतात ते ताजेतवाने होऊन. खुर्चीतल्या डुलक्या बंद. परवा तर मुलीशी पत्ते खेळले आणि खेळताना लबाडीही केली. हे म्हणाले, म्हाताऱ्याला बाग मानवली. मला हलकं वाटतंय. कधीकधी वाटतं, आपण उगाचच एवढी काळजी करत होतो.

तुझी,
ताई

१४ एप्रिल

प्रिय ताई,

रागावू नकोस, पण सरळच विचारतो. घरात कोण जातं?

एजंटचा फोन आला होता. दोनदा त्याने माणसं नेली आणि दोन्ही वेळा सोफ्यावर कोणीतरी झोपून गेल्याच्या खुणा होत्या. उशी सोफ्याच्या हाताकडे सरकवलेली, डोक्याचा खळगा पडलेला, कव्हराला सुरकुत्या. खिडकी एकदा सताड उघडी होती. सजावटवाल्या बाई वैतागल्या आहेत. त्या म्हणतात, कव्हर खराब झालं तर भरून घेईन, आणि पुन्हा पुन्हा येऊन झटकायला मी मोकळी नाही. एका गिऱ्हाइकाने तर तोंडावर विचारलं, इथे भाडेकरू आहे का? भाडेकरू असलेलं घर कोण घेतं?

कुलूप मोडलेलं नाही. म्हणजे किल्लीने आत शिरतंय कोणीतरी. एजंटची सोडली तर बाकी किल्ल्या तुमच्याकडेच आहेत. मुलं एवढी लांब जाणार नाहीत. ताई, भावजींची रात्रपाळी असते. दिवसा घरात गोंगाट असतो हे तूच लिहिलं होतंस. दमलेल्या माणसाला शांत जागा हवी असते, मी समजू शकतो. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांना म्हणावं, महिनाभर कळ काढा. एक जोडपं घर बघून गेलंय, दोघंही शाळेत शिकवतात. त्यांना घर मनापासून आवडलंय. हे गिऱ्हाईक हातचं गेलं तर वरचा फ्लॅटही गेला, आणि मग तुझा हॉल आणि बाबांचं गुंडाळलेलं अंथरूण.

बोलून बघ त्यांच्याशी. माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

२२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मी काउंटरखाली धरून वाचलं आणि एका बाईंना चुकीचं मलम दिलं. नशीब त्या दारातून परत आल्या.

यांना विचारायला सांगतोस? विचारलं. विचारलं तेव्हा हे दाढी करत होते. दाढी पुरी केली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, मी त्याच्या घरात चोरून झोपत नाही." दोन दिवस झाले, घरात माझ्याशी कामापुरतं बोलतात. माझं मन मला खात होतं, म्हणून एका सकाळी यांना न सांगता यांच्याकडची बाबांच्या घराची दुसरी किल्ली तपासली. ती डब्यात होती तशीच आहे, तिच्यावर धूळ आहे.

आणि आता विषय काढलासच तर ऐक. आई गेल्यावर मी यांना म्हटलं होतं की आपणच बाबांकडे जाऊन राहू. दोन खोल्या जास्त आहेत, बाबा एकटे राहणार नाहीत, मुलांना जागा मिळेल. हे म्हणाले, सासऱ्याच्या घरात जाऊन राहिला असं चार लोकांनी म्हटलेलं मला चालणार नाही, आणि ते घर उद्या तुझ्या भावाचं आहे. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला वाटलं असतं की ताईचा घरावर डोळा आहे. पण तूही कधी म्हणाला नाहीस, ताई, तू राहा तिथे. एकदा नुसतं म्हणून बघितलं असतंस तर काय गेलं असतं तुझं? मला त्याचा राग आहे.

बाबांना मी काही विचारलेलं नाही. ते बागेत रमलेत, त्यांना या चिखलात ओढायचं नाही. कुलूप बदलायचं तर बदल.

ताई

२८ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. भावजींची माफी माग माझ्या वतीने. बाकीच्या गोष्टींवर मी आलो की समोरासमोर बोलू, पत्रात नको.

तोवर प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवलाय. कुलूप बदललं तर एजंटचा घोळ होतो. मी बाईंना सोफाच उचलायला सांगितला. शुक्रवारी त्यांची माणसं येऊन तो घेऊन जातील आणि त्या जागी बारीक पायांच्या दोन खुर्च्या ठेवतील. खोली उलट मोठी दिसेल. आता बघू कोण कुठे झोपतं.

शनिवारी संध्याकाळी ते शिक्षक जोडपं दुसऱ्यांदा येणार आहे. एजंट म्हणतो, बयाणा देऊनच जातील. ताई, होत आलंय. थोडा दम धर.

तुझा,
धाकटा

४ मे

धाकट्या,

तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्र आज हातात पडलं. जे व्हायचं ते शनिवारीच झालं. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. बाबा आत आहेत. घाबरू नकोस, जिवाला धोका नाही. डावं मनगट मोडलंय, बरगड्यांना मार आहे, खुबा वाचला.

शनिवारी जेवून ते नेहमीसारखे टोपी घालून बाहेर पडले. संध्याकाळी मी काउंटरवर असताना एजंटचा फोन आला. म्हणाला, ताबडतोब घरी या, तुमच्या वडिलांच्या. मी विचारलं, घर विकलं गेलं का? माझ्या तोंडून हेच निघालं, याची मला लाज वाटते.

ते बागेत जातच नव्हते. रोज दुपारी बस पकडून आपल्या घरी जात होते. सोफ्यावर झोपायचे, उठून उशी झटकायचे, कुलूप लावून चहाला माझ्याकडे यायचे. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून उशीतला खळगा त्यांना कळत नसे. आपण दोघं चोर शोधत होतो.

शनिवारी गेले तर सोफा नव्हता. दोन खुर्च्या होत्या. त्यांनी खुर्चीत बसून पाहिलं म्हणतात, पण पाठ टेकेना. मग आतल्या खोलीत गेले. पलंग होता, चादर होती, उशा होत्या. चपला काढल्या, कडेला बसले आणि आडवे झाले. खोकी फाकली आणि ते मधल्या फटीत गेले, हात अंगाखाली. वरून उशा आणि खोकी अंगावर. बाईंनी धूळ बसू नये म्हणून खिडक्या घट्ट लावून ठेवल्या होत्या, हाक बाहेर गेली नाही. दुपारपासून संध्याकाळ होईपर्यंत ते तिथे पडून होते, धाकट्या. मी त्या वेळात मुलांना फोनवर सांगत होते, आजोबा आज बागेत फारच रमले.

एजंट त्या जोडप्याला घेऊन आला आणि त्यांनी बाबांना पाहिलं. पुढचं मला त्या शिक्षिकेने सांगितलं. तिच्या नवऱ्याने खोकी बाजूला केली. बाबांनी पाणी मागितलं. ती टेबलावरचा पेला उचलायला गेली तर सगळा ट्रेच उचलला गेला. स्वयंपाकघरात एक भांडं खरं नाही. शेवटी नळाखाली ओंजळ धरून पाणी आणलं आणि पाजलं. एजंट मागून बोलतच होता की हे मालकच, पण आता मुलीकडे असतात, जरा विसराळू झालेत, चुकून आले असतील. तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. बाबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही इथे राहता का?"

बाबा म्हणाले, "दुपारचा राहतो."

ती दोघं रुग्णवाहिका येईपर्यंत थांबली. बयाण्याचा विषय कोणी काढला नाही.

पलंग पुठ्ठ्याचा आहे हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. ज्याच्या घरात तो होता त्याला तेवढं आपण दोघांनीही सांगितलं नाही.

ताई

१० मे

ताई,

मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. भावजींनी उचलला. त्यांनी माझ्याशी नीट बोलून बाबांची सगळी हकिकत सांगितली, ते मला जास्त लागलं.

सोफा मी काढायला लावला. "आता बघू कोण कुठे झोपतं" हे मी लिहिलं होतं. ते वाक्य मी रोज मनात वाचतो. मी दगड नाही, ताई.

पण आता जे लिहितो ते वाचून पत्र फाडू नकोस, आधी विचार कर. एजंट म्हणतो, त्या जोडप्याला घर अजून हवंय. त्यांच्या मनात एकच शंका आहे की बाबांना घराबाहेर काढून आपण विकतोय का. तू त्या शिक्षिकेला एक फोन कर. म्हण की बाबांना हल्ली विसर पडतो, ते जुन्या सवयीने तिथे गेले, विकायला त्यांचा होकार आहे. गॅसची गोष्ट तर खरीच आहे. थोडं इकडचं तिकडे. महिना संपायला मोजकेच दिवस उरलेत, वरचा मालक थांबणार नाही, आणि बाबांना आता तर स्वतःच्या खोलीची पूर्वीपेक्षा जास्त गरज आहे. त्यांच्याच खोलीसाठी हे बोलायचं आहे. माझं चुकत असेल तर तसं लिही, पण दुसरा मार्गही लिही. मला दिसत नाही.

धाकटा

१७ मे

धाकट्या,

पत्र फाडलं नाही. तुझा दोष काढावा असं वाटलं, पण जमलं नाही, कारण मी फोन लावला होता. शिक्षिकेने उचलला. तिने आधी बाबा कसे आहेत ते विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत. मग बोलायचं होतं ते बोलायला जीभ रेटेना. माझ्या समोर बाबा बसले होते, गळ्यात हात अडकवलेला, उजव्या हाताने मुलीच्या वहीवर रेघा मारून देत होते. त्या माणसाला काय विसरलंय? बसच्या वेळा पाठ, चहाची वेळ पाठ, आम्ही काळजी करू म्हणून बागेचं खोटं बोलायचंही रोज न चुकता लक्षात. मी शिक्षिकेला म्हटलं, तुम्ही पाणी पाजलंत त्याचे आभार मानायला फोन केला. आणि ठेवला.

मग तुझी सगळी पत्रं दुकानातून आणली आणि बाबांसमोर बसून वाचून दाखवली. तुला लिहिलेलं माझं जे आठवत होतं तेही सांगितलं. हे दारात उभे राहून ऐकत होते, सासऱ्याच्या घराबद्दलचं त्यांचं बोलणंही मी गाळलं नाही. बाबांनी मधे एकदाच थांबवलं. पुठ्ठ्याचा पलंग कसा बनवतात तो भाग पुन्हा वाचायला लावला आणि हसले. बरगड्या दुखतात म्हणून उशी पोटाशी धरून हसले.

वाचून संपल्यावर मी विचारलं, बाबा, खरं सांगा, घर विकायचं का? तुम्ही म्हणाल तसं, हे उत्तर चालणार नाही. ते म्हणाले, "कागद दे. त्याचं उत्तर मी त्याला देतो."

सोबत त्यांचं पत्र आहे. लिहायला त्यांनी दोन दिवस घेतले, पुढे काय ठरलं ते त्यातच असेल. मी वाचलेलं नाही. त्यांनी पाकीट स्वतः चिकटवलंय.

ताई

१७ मे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. अक्षर वाईट आहे, कागद धरायला दुसरा हात नाही. सांभाळून घे.

घर विकायचं नाही.

हे मी आधीच बोलायला हवं होतं. वळायचं असलं तर ड्रायव्हरने आधी हात दाखवायचा असतो, मागच्याला कळायला नको? मी हात दाखवला नाही. तुम्ही दोघं माझ्यासाठीच धावपळ करत होता, मधे बोललो तर तुमचा उत्साह जाईल असं वाटलं. आणि ताईच्या घरी मी पाहुणा. पाहुण्याने काय मागायचं?

तू विचारशील, मग आई गेल्यावर तिथेच का नाही राहिलो. तिच्या वस्तू होत्या तेव्हा मला तिथे डोळा लागत नसे. यंत्राकडे बघत पडून राहायचो. तुम्ही घर रिकामं केलंत तेव्हा पाऊल टाकवेना. मग त्या बाईंनी परकं सामान आणून मांडलं आणि पहिल्याच दिवशी त्या सोफ्यावर माझे डोळे मिटायला लागले. भिंती माझ्या, सामान कोणाचंच नाही, आठवायला काही नाही. तुझी ताई म्हणाली, चला निघू. मला तिथेच झोपायचं होतं.

तेव्हा सजावटीचा उपयोग होतो का, या तुमच्या भांडणात मी तुझ्या बाजूने आहे. होतो. गिऱ्हाईक मात्र मी होतो.

आता पुढचं. ताईने पत्रं वाचली त्या रात्री जावईबापूंशी बोललो. म्हटलं, तुम्ही माझ्याकडे राहायला येऊ नका, मला तुमच्याकडे राहायचंय, फक्त जागा माझी वापरा. मला एकटं राहता येत नाही हे खरं आहे, गॅस विझला तरी मला कळलं नव्हतं. ते म्हणाले, भाडं द्यावं लागेल का? म्हटलं, द्यावं लागेल, दुपारी दोन तास कोणी आवाज करायचा नाही. रात्रपाळीच्या माणसाला ते परवडलं. मुलांची शाळा लांब पडेल, त्यांना बसने नेणं-आणणं मी करीन, तेवढं मला येतं. ताईच्या वरचा फ्लॅट गेला, जाऊ दे. तुझा वाटा तुझाच आहे, तो कुठे जात नाही. पण तू तो मागशील असं मला वाटत नाही. वाटत असेल तर तसं लिही, मात्र मला लिही, ताईला नको.

त्या शिक्षक बाई काल भेटून गेल्या. घर मिळणार नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, चांगली माणसं आहेत. सामान उद्या परत जाईल. सोफा तेवढा सजावटवाल्या बाईंकडून विकत घेतोय, त्या म्हणाल्या तसंही त्याला आता तुमच्या डोक्याचा आकार आलाय.

सोफ्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. तू चोर हाकलत होतास, बाप कुठे हाकलत होतास?

आपल्या घरी आतल्या खोलीत जावयांनी पलंग आणून टाकलाय. लाकडाचा आहे, जिन्यातून चढवताना त्यांनी दोनदा शिव्या दिल्या, तेव्हा खराच असणार. मी त्यावर बसून पाहिलं, आडवा होऊन पाहिलं. तू आलास की तो तुझा, मी सोफ्यावर. निघण्याआधी दोन दिवस कळव. गादी उन्हात टाकून ठेवतो.

बाबा